उजवं चाक

ताई, आधी भांडून घेते, मग बाकीचं. अर्धं काम टाकून उठणारी बाई तू कधीच नव्हतीस. मेथी निवडायला बसलीस की शेवटची काडी निवडूनच उठायचीस. दाराशी पाहुणे आले तरी हातातली टीप पुरी केल्याशिवाय शिवणाचं मशीन सोडायची नाहीस. आणि जाताना मात्र डावं चाक करून गेलीस, उजवं तसंच ठेवलंस. हे काय वागणं झालं, सांग बघू.

घरात माणसांची ये-जा चालू आहे. तुझ्या ऑफिसातले येतात, लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमधले जुने शेजारी येतात, मंडळातल्या बायका येतात. सगळे तेच बोलतात. त्या काळी एकटी मुलगी दिल्लीला आली, मुनिरकाच्या एका खोलीत राहून नोकरी केली, धाकट्या बहिणीला आणलं, शिकवलं, तिचं लग्न करून दिलं, आणि बहिणीचा नवरा गेला तेव्हा तिला लेकीसकट पुन्हा घरात घेतलं. मी मान डोलावते आणि चहा टाकते. सगळं खरंच आहे. पण इतके दिवस माझ्या डोक्यात ते नव्हतंच. माझ्या डोक्यात खाली पार्किंगमध्ये उभी असलेली आपली गाडी असायची. पुढच्या डाव्या चाकात नवे ब्रेक पॅड, उजव्यात जुने झिजलेले, आणि स्टिअरिंगला तू बांधलेला लाल कपडा. हे कुणाला सांगणार? लोक म्हणाले असते, बहीण गेली आणि हिला गाडीचं पडलंय.

लोकांचं तुला कधी काही वाटलंच नाही म्हणा. इथे वसुंधरा भागातल्या आपल्या सोसायटीत पहिल्यांदा गाडी जॅकवर चढवलीस तेव्हा निम्म्या बाल्कन्या भरल्या होत्या. सलवार-कमीज, त्यावर माझ्या गौरीच्या बाबांचा जुना चौकड्यांचा शर्ट, केसांना रुमाल, आणि जमिनीवर अंथरलेली सतरंजी. पहिल्या मजल्यावरचे शर्माजी वरून ओरडले, "दीदी, मैकेनिक बुला दूँ क्या?" तू चाकावरून मानही न वळवता म्हणालीस, "आ गई है, भाई साहब. काम कर रही है." मला लाजेनं मेल्यासारखं झालं होतं. आणि खरं सांगू, अभिमानही वाटला होता.

मेकॅनिकवरचा तुझा विश्वास उडाला तो लक्ष्मीबाई नगरच्या दिवसांत. आपली पहिली गाडी, तीही सेकंडहँड. कुणीतरी ब्रेकचे पॅड बदलले, पण एकाच बाजूचे; दुसऱ्या बाजूचे "अभी चल जाएँगे मैडम" म्हणून तसेच ठेवले. धौला कुआँला तू जोरात ब्रेक मारलास आणि गाडी अशी काही एका अंगाला ओढली गेली की शेजारच्या बसचं चाक माझ्या खिडकीत आलं. घरापर्यंत तू गाडी हळूहळू चालवत आणलीस. आल्यावर म्हणालीस, "शुभे, पॅड जोडीनं बदलायचे असतात. एक बाजू नवी आणि एक बाजू जुनी राहिली की गाडी सरळ थांबत नाही." त्यानंतर तू गॅरेजमध्ये जाऊन तासन्‌तास उभी राहिलीस, कामाकडे बघत, प्रश्न विचारून त्या लोकांना भंडावून सोडत. पुढच्या वेळेपासून आपल्या ब्रेकला दुसऱ्या कुणाचा हात लागला नाही.

तुझा नेम होता, संक्रांतीच्या आधी पानिपतला जायचं आणि जायच्या आधी ब्रेक उघडून बघायचे. मराठी माणसाचं पानिपतचं नाव काढलं की तोंड कसनुसं होतं, आणि तू तिथे ब्लँकेटं आणायला जायचीस. मुनिरकाला खोल्या घेऊन परीक्षांचा अभ्यास करणारी आपल्याकडची पोरं, लातूरची, परभणीची, बुलढाण्याची. त्यांना थंडी म्हणजे एक स्वेटर एवढंच माहीत. तू त्यांच्यासाठी डिकी भरून ब्लँकेटं आणायचीस, कारण मुनिरकाच्या खोलीतली पहिली थंडी तू वर्तमानपत्रं पांघरून काढली होतीस. येताना लढाईच्या जागी थांबायचं, झाडाखाली दोन तिळाच्या वड्या ठेवायच्या, आणि मग तू दर वर्षी तेच बोलायचीस. "आपल्या लोकांनी परतीची सोय बघितली नव्हती. मी आधी ब्रेक बघते, मग निघते." मी दर वर्षी म्हणायचे, "झालं हिचं सुरू." यंदा ते ऐकायला मिळालं नाही तर कान कसे रिकामे वाटतायत.

तू मला चाकाला हात लावू द्यायची नाहीस, त्याचं कारणही लिहून टाकते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल तूच खडूस होतीस. दसऱ्याला आपल्याकडे हत्यारं पुजायची. तुझी हत्यारं म्हणजे पाने, जॅक, हातोडी आणि तो लोखंडी शिकंजा. त्या वर्षी नवे पॅड आणलेले होते, तेही तू पाटावर मांडलेस आणि आंघोळीला गेलीस. मी म्हटलं, पूजा करायची तर नीट करावी. कोरडं कुंकू टिकत नाही म्हणून तेलात कालवलं आणि एकेका पॅडवर ठसठशीत स्वस्तिक काढलं. नेमकं त्या बाजूला, जी बाजू चाकाच्या तबकडीला धरते. तू बाहेर आलीस, पाटाकडे बघितलंस आणि ओल्या केसांनी तशीच खाली बसलीस.

"शुभे, ब्रेकला तेल लावलंस?"

"कुंकू धरत नव्हतं ना गं."

"अगं, पण आपल्याला थांबायचंय की नाही?"

मग तू जी हसायला लागलीस ती नैवेद्य थंड होईपर्यंत. गौरीला तर हसण्याचं कारणच कळेना. पॅडांनी तेल पिऊन टाकलं होतं, आता ते कितीही पुसले तरी पकडणार नव्हते. "यांचा देव झाला," असं म्हणून तू ते बाल्कनीच्या दाराला अडकण म्हणून लावलेस आणि दुसरे आणलेस. त्या दिवसापासून निकाल लागला. चाक तुझं, पेडल माझं.

पेडलचं कामही काही कमी नव्हतं म्हणा. नवे जाड पॅड बसवायचे तर आतला दट्ट्या शिकंज्यानं मागे दाबावा लागतो. मग सगळं बसवून झालं तरी ब्रेक पोकळ असतो. पहिल्यांदा पाय दिला की पेडल थेट तळाला जातं, जसं काही खाली काहीच नाही. ते पुन्हा पुन्हा दाबायचं, दट्ट्या पुढे सरकत येतो, आणि हळूहळू पेडल कडक होतं. तोवर गाडी तसूभरही हलवायची नाही. दोन्ही चाकं झाली की तू खालून हाक मारायचीस, मी सीटवर येऊन बसायचे. तू बोनेटपाशी उभी राहून म्हणायचीस, "दाब. सोड. दाब." आणि मी शाळेतल्या मुलीसारखी दाबायचे आणि सोडायचे. इतकी वर्षं शाळेत मी मुलांना हुकूम सोडले, रविवारी तू मला.

मी मागे लागायचे. "ताई, एक चाक मला करू दे ना."

"हात काळे होतील."

"तुझे होतात ते?"

"माझे झालेलेच आहेत."

हे तू हसत म्हणायचीस, पण मला ते लागायचं. कारण गोष्ट कुंकवाची नव्हतीच, ताई. तू प्रत्येक बाबतीत तसंच केलंस. घरमालकाशी भांडायचं, तू गेलीस. गौरीचे बाबा आजारी पडले तेव्हा डॉक्टरांशी तू बोललीस, मला बाहेर बाकावर बसवलंस. ते गेल्यावर पेन्शनच्या खिडक्या तू झिजवल्यास. "तू बस, मी बघते." आई गेली तेव्हा मी फ्रॉकमध्ये होते, मला तू वाढवलंस, त्यामुळे तुला ती सवयच लागली असेल. पण माझे केस पांढरे झाले तरी तू मला बसवूनच ठेवलंस. किती राग यायचा मला. आणि आता बँकेत जाऊन उभी राहते, कुठल्या खिडकीशी जायचं ते कळत नाही, आणि तो सगळा राग तिथल्या तिथे विरघळतो. तुझ्या सावलीत किती सुखात होते मी, हे तुला कधी बोलून दाखवलं नाही. दाखवायला हवं होतं.

तो रविवार. तू नाश्ता करून खाली गेलीस. मी वर तीळ भाजत होते. नेहमीपेक्षा लवकर दाराची बेल वाजली, तू स्वयंपाकघरात आलीस आणि स्टुलावर बसलीस. हात धुतले नव्हतेस.

"डावं झालं," म्हणालीस. "उजवं उद्या."

"का गं?"

"दमले."

इथे माझ्या हातातलं उलथनं पडायला हवं होतं. तू आणि दमले म्हणतेस, तू आणि उद्यावर टाकतेस. पण मला बरंच वाटलं. म्हटलं, चला, उशिरा का होईना, अक्कल आली बाईला, आता जरा विश्रांती घेईल. आणि वर मी संधी साधली. म्हटलं, "मग उद्या उजवं मी करणार. काहीही बोलू नकोस." तू पाणी प्यायलीस, पेला ओट्यावर ठेवलास आणि म्हणालीस, "बघू."

एवढंच. बघू. तुझं बघू म्हणजे काय, हे मला जन्मात कळलं नाही. दिल्लीला येऊ का म्हणून मी विचारलं होतं तेव्हा बघू म्हणालीस आणि आठवड्याभरात तिकीट पाठवलंस. स्कूटर शिकू का म्हटलं तेव्हाही बघू म्हणालीस, ती स्कूटर काही आली नाही. म्हणजे दोन्ही अर्थ तूच लावायचीस, आणि या वेळचा लावलाच नाहीस.

जेवायला उठवायला आले तर ऐन थंडीत तू घामानं भिजलेली होतीस. टॅक्सी, हॉस्पिटल, मशीनं, सह्या. सह्या कुठे करायच्या ते मला कळत नव्हतं, आणि सांगायला तू नव्हतीस. गौरी गुडगावहून धावत आली. नर्स तुझं बोट घेऊन त्याला ऑक्सिजन मोजायची ती पकड लावत होती, तिनं नखं बघितली आणि म्हणाली, "ये काला क्या है, पेंट है?" मी म्हटलं, ग्रीस आहे, राहू दे. तिनं पुसायला कापूस आणला होता, तो मी घेऊन ठेवला. पुसून तुझं बोट दुसऱ्या कुणाचं तरी दिसलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू जरा शुद्धीवर आलीस. तोंडावरचा मास्क बाजूला केलास. मी वाकले. मला वाटलं, आता काहीतरी बोलशील. बोललीस.

"स्टिअरिंगचा कपडा सोडला नाही ना कुणी?"

"नाही गं."

"सोडू नका. पेडल दाबलेलं नाहीये."

गाडीचं काम अर्धवट असेल तेव्हा तू तो कपडा बांधायचीस, म्हणजे घरातल्या कुणी चुकून किल्ली लावू नये. डावं चाक झाल्यावर तू मला हाक मारली नव्हतीस, कारण आपली रीतच तशी, दोन्ही झाल्याशिवाय पेडल नाही. म्हणजे तो ब्रेक पोकळ होता. तुझा जीव तिथे अडकला होता, की तू नसताना कुणी गाडी काढेल आणि थांबता येणार नाही. दुपारी तू गेलीस. मरताना माणसं देवाचं नाव घेतात म्हणे. तू आमच्या ब्रेकची काळजी केलीस. तू गेल्यावर मला सर्वांत आधी आलं ते रडू नव्हे, राग. माझ्यासाठी एक शब्द ठेवला नाहीस असं वाटलं. नंतर कळलं, तो शब्द माझ्यासाठीच होता.

मग दिवस झाले, तेरावं झालं. संक्रांत आली तशी गेली, भाजलेले तीळ डब्यात तसेच राहिले. गौरी एके दिवशी हळूच म्हणाली, "मम्मा, गाडीचं काय करायचं? मी वर्कशॉपला फोन करते ना, ते टो करून नेतील."

"नको."

"अच्छा, मग मीच घेऊन जाते. अगदी स्लो चालवीन."

मी अशी ओरडले तिच्यावर की पोर दचकली. पेडल दाबलेलं नाहीये, कळत नाही का, म्हटलं, मावशीनं काय सांगितलं होतं? ती म्हणाली, "मम्मा, बी प्रॅक्टिकल यार. पंधरा वर्षं झाली की दिल्लीत ही गाडी चालवू देत नाहीत, आणि ती व्हायला आलीच आहेत. नाहीतरी ती स्क्रॅपमध्येच जाणार." मी म्हटलं, जाऊ दे, पण तोवर कपड्याला हात लावायचा नाही. तिला वाटलं, मी तुझी आज्ञा पाळतेय.

आज्ञा कसली, ताई. माझा स्वार्थ होता. उजवं चाक राहिलंय तोवर तू कामावर आहेस, असं मी मनाशी धरून बसले होते. खाली गेली आहेस, चौदाचा पाना सापडत नसेल, शर्माजींशी बोलत उभी असशील. अर्धं काम टाकून तू जात नाहीस हे मला पक्कं ठाऊक आहे, म्हणजे काम अर्धं असेल तोवर तू गेलेली नाहीस. वेडेपणा आहे, मला कळतं. पण सकाळी बाल्कनीतून तो लाल कपडा दिसला की मला दिवसभराचं बळ यायचं. ते चाक मी तुझ्याकडे इतकी वर्षं मागितलं होतं, आणि मिळालं तेव्हा ते मला होऊच द्यायचं नव्हतं.

मागच्या आठवड्यात मुनिरकाहून एक मुलगी भेटायला आली. रुखसार, परभणीकडची, पहिलंच वर्ष. अंगावर पातळ शाल, नाक लाल झालेलं. बसली, तुझ्याबद्दल दोन शब्द बोलली, तिचेच डोळे भरले. तुला फोनवरच ओळखत होती बिचारी. जाताना चपला घालता घालता म्हणाली, "मावशी म्हणाल्या होत्या, रविवारनंतर पानिपतहून ब्लँकेट घेऊन येते. मी खोलीच्या मालकिणीला सांगूनही ठेवलं होतं, आमच्या मावशी येणारेत म्हणून." मागणं नव्हतं त्यात, नुसती आठवण होती. तिला मी तुझ्या पलंगावरची रजई दिली. ती नको नको म्हणत होती, मी कोंबलीच तिच्या हातात. आणि दार लावल्यावर मला तोंडात मारल्यासारखं झालं. तुझं राहिलेलं काम मी उशाशी घेऊन बसले होते, आणि तिकडे पोरं कुडकुडत होती. ब्लँकेट दुकानात मिळतं, पानिपतला रेल्वेही जाते, हे मलाही समजतं. पण तू असतीस तर मला काय म्हणाली असतीस, तेही समजतं.

या रविवारी ऊन पडलं तशी मी गौरीच्या बाबांचा तो चौकड्यांचा शर्ट घातला. गौरी बघतच राहिली.

"मम्मा, तुला येतं हे?"

"बघितलंय."

खरंच बघितलंय, ताई. ड्रायव्हरच्या सीटवरून डावं चाक दिसत नाही, पण उजवं अगदी पायाशी असतं. तुझ्या हाकेआधीच खाली येऊन मी दार उघडं टाकून वाकून तुझे हात बघत बसायचे, तू म्हणायचीस, काय बघतेस टकाटका, मी म्हणायचे, काही नाही. मागच्या चाकांना विटा लावल्या. नट आधी जमिनीवर असतानाच सैल केले, मग जॅक. जॅकच्या भरवशावर राहायचं नाही, म्हणून खाली टेकूची लोखंडी घोडी लावली आणि काढलेलं चाकही गाडीखाली सरकवलं, तू सरकवायचीस तसं. तोवर ठीक होतं. मग तो खालचा बोल्ट काही केल्या सुटेना. मी लोंबकळले, शिव्या दिल्या, हिंदीत दिल्या, कारण मराठीत दिल्या असत्या तर तुझ्या कानावर गेल्या असत्या. शेवटी पान्यावर पाय ठेवून उभी राहिले तेव्हा कुठे तो कुरकुरत हलला. पॅड धरणारा कॅलिपर वर उचलून तारेनं बांधला, जुने पॅड काढले. नखाएवढे उरले होते. दट्ट्या शिकंज्यानं मागे घेताना मला कळलं की तू एवढी दमून वर का आली होतीस. धडधाकट माणसाचा दम जातो त्यात, आणि तू तसल्या छातीनं ते केलंस. मी शिकंजा तसाच धरून थोडा वेळ बसून राहिले. गौरीला सांगितलं, कंबर धरली.

नवे पॅड बसवले. कोरडे, कुंकवाशिवाय. बोल्ट घट्ट केला, चाक चढवलं, नट समोरासमोरचे आवळले, गाडी खाली घेतली आणि पुन्हा आवळले. गौरीला म्हटलं, सीटवर बस आणि दाब. मी बोनेटपाशी उभी राहिले, तुझ्या जागी.

"मम्मा, हा तर पूर्ण खाली गेला," ती घाबरून म्हणाली. "काही पकडतच नाहीये. आपण काहीतरी बिघडवलंय."

"सोड. परत दाब."

"नाही होत आहे मम्मा, खरंच."

मी तिला उठवलं आणि स्वतः बसले. पाय ठेवला. पेडल तळाला गेलं, आणि ताई, मला त्या पोकळीची इतकी ओळख पटली. गौरी घाबरली, तशी मीही पहिल्यांदा घाबरले होते. पण माझ्या पायाला माहीत होतं की हे भरतं. दाबलं, सोडलं. कुणी म्हणणारं नव्हतं तरी दाबलं. मग पायाखाली किंचित काहीतरी लागलं, मग अजून थोडं वर, आणि मग ते कडक झालं, दगडासारखं. तेव्हा सुचलं, इतकी चाकं केलीस पण हे तुला कधी कळलंच नसणार. तू नेहमी बाहेर उभी. पेडल कसं भरत येतं, हे आपल्या दोघींत फक्त मला ठाऊक होतं. म्हणजे तू मला नुसतं बसवून ठेवलं नव्हतंस. आणि त्या दाबण्यात माझं उजवं होतं तसं तुझं डावंही होतं, इतके दिवस माझी वाट बघत पोकळ राहिलेलं. ते तू करून गेलेलं काम आत्ता, माझ्या पायाखाली पुरं झालं.

कपडा मी सोडला. गाठ तू मारलेली, सुटायला वेळ लागला. गौरी म्हणाली, मी चालवू? म्हटलं, नाही, तू वर जा, चहा टाक. लायसन्स आहे माझ्याकडे, लोकांनी विश्वास ठेवो न ठेवो. गाडी पहिल्या गिअरमध्ये पार्किंगमधून काढली, क्लबच्या बाजूचा सरळ रस्ता आहे ना आपला, त्यावर आले. मागे-पुढे कुणी नव्हतं. थोडा वेग घेतला, स्टिअरिंगवरचे हात नुसते टेकवलेले ठेवले आणि ब्रेक मारला.

मला वाटत होतं, ती ओढेल. खरं सांगते, मला तसंच हवं होतं. तुझा हात बसलाय त्या बाजूला थोडी ओढली असती तर काय बिघडलं असतं, मला कळलं असतं की हे तुझं आणि हे माझं. पण नाही ओढली. डावं तुझं, उजवं माझं, आणि गाडी सुतासारखी सरळ थांबली. शिकवलं नाहीस, नाही नाही म्हणत राहिलीस, तरी तुझ्यासारखंच झालं, ताई. आता खाली तुझं कसलंच काम राहिलेलं नाही. मी इंजिन बंद केलं आणि रस्त्याच्या मधोमध, तू गेल्यापासून पहिल्यांदा, हुंदके देऊन रडले.

गेटवरचा रामवीर काठी टाकून धावत आला. खिडकीची काच ठोठावली. "क्या हुआ, आंटी? गाड़ी ख़राब हो गई क्या?"

"नहीं भैया," मी म्हटलं. "ठीक हो गई."